वाचकांचे प्रश्न : चक्रीवादळातल्या विजा काय सांगतात?

प्रश्न : मॅपवर चक्रीवादळाच्या डोळ्याभोवती विजांचे ठिपके अचानक भराभर वाढले तर वादळ अजून जोर धरणार असं समजायचं का? आणि एवढ्या खोल समुद्रावरच्या विजा मोजतं तरी कोण?

उत्तर : मोजणीचं आधी उरकतो. वीज चमकली की रेडिओ लहरी निघतात, त्या हजारो किलोमीटर जातात, आणि जगभर लावलेले सेन्सर त्या कोणत्या क्षणी पोचल्या यावरून जागा काढतात, मात्र यात जोरदार विजाच सापडतात, बारीक निसटतात. शिवाय 2016 मध्ये सोडलेल्या गोज-16 पासूनच्या अमेरिकेच्या गोज उपग्रहांवर विजा टिपणारा कॅमेरा आहे, तो सुमारे 36 हजार किलोमीटरवरून सेकंदाला 500 फ्रेम घेतो.

आता मुख्य प्रश्न. विजा वाढल्या म्हणजे वादळ वाढणार, ही समजूत अगदीच हवेतली नाही. 2009 मध्ये हवामान शास्त्रज्ञ कॉलिन प्राइस आणि सहकाऱ्यांनी 58 वादळं तपासली, तर बहुतेकांत विजांचा जोर वाऱ्याच्या कमाल वेगाच्या साधारण 30 तास आधी शिगेला पोचलेला निघाला. पण त्यांनी केंद्राभोवतीचा भलामोठा चौकोन धरून सगळ्या विजा एकत्र मोजल्या होत्या, आणि खरी गोम तिथेच आहे, कारण विजा किती यापेक्षा कुठे हे जास्त महत्त्वाचं. 2012 मध्ये मार्क डिमारिया वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी आतल्या आणि बाहेरच्या विजा वेगळ्या काढल्या तेव्हा दिसलं की केंद्रापासून 200-300 किलोमीटरवरच्या पावसाच्या पट्ट्यांत विजा वाढल्या तर वादळ पुढे बळावण्याची शक्यता जास्त, आणि अगदी आतल्या भागात एकदम भडका उडाला तर बऱ्याचदा वाढ थांबायला आलेली असते! बऱ्याचदा तेव्हा खालच्या-वरच्या थरांतले वारे एकमेकांशी जुळत नसतात, त्या ओढाताणीत एकाच बाजूला ढग उसळतात, विजा चमकतात आणि वादळ तिरकं होत जातं.

मग आतली वीज वाईटच का? तसंही नाही. 2005 च्या कतरिना आणि रीटा या दोन्ही महाभयंकर वादळांत डोळ्याच्या भिंतीत, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या उंच ढगांच्या वेढ्यात, भरपूर विजा होत्या. सर्वांत जोरदार वाऱ्याच्या कड्याच्या आत विजा असतील तर वादळ वाढण्याकडे कल, कड्याच्या बाहेर असतील तर उलटा, असंही नंतरच्या अभ्यासात दिसलंय. म्हणून माझ्या मते नुसता ठिपक्यांचा आकडा बघून काहीच ठरवू नये.

प्रश्न : पण एवढ्या राक्षसी वादळात एरवी विजा मुळात कमी का असतात?

उत्तर : वीज तयार व्हायला ढगात बर्फाचे स्फटिक, मऊ गारांसारखे कण आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी, तिन्ही एकत्र लागतं, कण एकमेकांवर आपटले की विद्युतभार वेगळा होतो. वादळाच्या भिंतीत वारा आडवा प्रचंड असला तरी वर चढणारी हवा तशी संथच, त्यामुळे बरंचसं पाणी खालीच पाऊस होऊन पडतं आणि न गोठलेलं पाणी वरपर्यंत फारसं पोचतच नाही. तिथे विजा दिसल्या म्हणजे काही ठिकाणी हवा नेहमीपेक्षा जोरात वर चाललीय, एवढंच नक्की म्हणता येतं.