वाचकांचे प्रश्न : स्पेनच्या मरीनातलं घर आणि होडीची जागा

प्रश्न : स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, कोस्ता देल सोलवरच्या एका मरीनात, म्हणजे होड्यांच्या बंदरात, फ्लॅट बघतो आहोत. सोबत होडी लावायची १२ मीटरची जागाही 'मालकी हक्काने' मिळेल, असं एजंट म्हणतो. हे खरं आहे का?

उत्तर : फ्लॅटची मालकी मिळते, होडीच्या जागेची मिळत नाही. स्पेनमध्ये किनारा, समुद्र आणि अशा बंदरांच्या आतलं पाणी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि ती विकता येत नाही. बंदर चालवणाऱ्या कंपनीला ठरावीक वर्षांचा परवाना मिळतो, त्याला 'कोन्सेसिओन' म्हणतात. एजंट जो 'आमार्रे', म्हणजे होडीची जागा, विकायला काढतो, तो त्या परवान्याच्या उरलेल्या वर्षांपुरता वापराचा हक्क असतो. परवान्याबरोबर तोही संपतो.

म्हणून किमतीच्या आधी विचारा, वर्षं किती उरली? समजा ९०,००० युरो मागितले आणि १८ वर्षं उरली आहेत, तर वर्षाला ५,००० युरो पडले. त्यात बंदराचं वार्षिक शुल्क मिळवा आणि तेवढीच जागा त्याच बंदरात वर्षाच्या भाड्याने कितीला मिळते ते पाहा. भाडं कमी निघालं तर हक्क घेऊ नका. 'मुदतवाढ होणारच आहे' हे तोंडी आश्वासन हिशेबात धरू नका. परवान्याची मुदत दाखवणारा कागद, हस्तांतराला बंदराची लेखी संमती आणि थकबाकी नसल्याचा दाखला, हे तिन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. पार्किंगची जागा आणि धक्क्यावरचं सामानाचं कपाट, म्हणजे 'पान्योल', हेसुद्धा पुष्कळदा याच परवान्याखाली येतात. तेही स्वतंत्र विचारा.

'१२ मीटर' म्हणजे होडीची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी. माहितीपत्रकात बहुतेक वेळा फक्त सांगाड्याची लांबी छापलेली असते. पुढे आलेला दांडा आणि मागची पोहायला उतरायची फळी धरली की ११.४० ची होडी सहज १२.५० ची होते, आणि बंदर ती आत घेत नाही. रुंदीही तितकीच महत्त्वाची, कारण शुल्क बहुतेक ठिकाणी लांबी गुणिले रुंदी असं लागतं : १२ बाय ४ म्हणजे ४८ चौरस मीटर.

या बंदरांत होडी पाठमोरी लावतात. मागचे दोन दोर धक्क्याला बांधायचे. पुढची बाजू तळाशी टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधलेल्या दोराने धरून ठेवते. त्या दोराला 'मुएर्तो' म्हणतात. धक्क्यावरून बारीक दोरी उचलायची आणि तिच्या मागोमाग पुढे जात मुएर्तो ओढून घ्यायचा. नवशिक्यांची चूक ठरलेली असते : दोर पाण्यात सैल असताना इंजिन गिअरमध्येच राहतं आणि तो पंख्यात गुंडाळला जातो. दोर हातात आला की आधी न्यूट्रल.

प्रश्न : पाण्याला लागून असलेलं घर घेताना कोणते कागद बघावेत?

उत्तर : सुरुवात 'नोटा सिम्प्ले'पासून करा. मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा हा उतारा ऑनलाइन दहा-अकरा युरोंत मिळतो. मालक कोण, गहाण आहे का, जप्ती आहे का, हे त्यात दिसतं. मग किनाऱ्याची हद्द. १९८८ च्या किनारा कायद्यानुसार सार्वजनिक हद्द संपते तिथून जमिनीच्या बाजूला १०० मीटर संरक्षित पट्टा असतो. तेव्हाच नागरी असलेल्या भागात तो २० मीटर आहे. या पट्ट्यात नवं राहतं बांधकाम होत नाही, आणि जुन्या घरात खोली किंवा मजला वाढवण्याचं स्वप्न इथेच अडकतं. हद्दीची रेषा पर्यावरण मंत्रालयाच्या ऑनलाइन नकाशावर दिसते. गच्ची किंवा पोहण्याचा तलाव रेषेपलीकडे गेला असेल, तर तेवढा भाग तुमचा नाही.

तिसरा कागद सोसायटीचा. 'कोमुनिदाद'ची चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी घराला चिकटून नव्या मालकाकडे येते. दाखला घ्याच, पण मागच्या दोन-तीन सभांची इतिवृत्तंही मागा. मंजूर झालेली 'देर्रामा', म्हणजे दुरुस्तीची जादा वर्गणी, तिथेच सापडते.

प्रश्न : ६ लाख युरोंच्या घरावर आणखी किती खर्च धरावा?

उत्तर : कोस्ता देल सोल ज्या प्रांतात येतो त्या आंदालुसियात जुन्या घरावर हस्तांतर कर ७ टक्के, म्हणजे ४२,००० युरो. बिल्डरकडून नवं घेतलं तर १० टक्के व्हॅट आणि १.२ टक्के मुद्रांक, मिळून ६७,२००. इतर प्रांतांत दर वेगळे आहेत. २०२२ पासून एक मेख आहे. जुन्या घराचं सरकारी संदर्भमूल्य किमतीपेक्षा जास्त असेल तर कर त्यावर बसतो. मूल्य ६,४०,००० निघालं तर कर ४४,८००. सौद्याआधीच ते तपासा. वकील, नोटरी आणि नोंदणी यांचा खर्च वेगळा.

विकणारा स्पेनचा करनिवासी नसेल तर किमतीचे ३ टक्के, इथे १८,००० युरो, तुम्हीच कापून महिन्याच्या आत कर खात्यात भरायचे. विसरलात तर वसुली तुमच्या घरावर येते. इसाऱ्याचा करार 'आरास पेनितेंसियालेस' असा स्पष्ट लिहून घ्या. मग विकणारा फिरला तर त्याला दुप्पट रक्कम परत द्यावी लागते, आणि तुम्ही फिरलात तर इसारा बुडतो.

प्रश्न : घर घेतलं की राहायचा परवाना मिळतो का? सुट्टीपुरतं भाड्याने देता येईल का?

उत्तर : परवाना मिळत नाही. ५ लाख युरोंच्या घरावर मिळणारा 'गोल्डन व्हिसा' ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसाने कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, घर असो वा नसो. त्याच तारखेपासून पर्यटकांना भाड्याने देणं नव्याने सुरू करायला सोसायटीच्या तीन-पंचमांश बहुमताची आगाऊ मंजुरी लागते. भाड्याच्या भरवशावर घर घेत असाल तर मंजुरी आधी, इसारा नंतर.

प्रश्न : मरीनाच्या इमारतीत प्रत्यक्ष काय तपासायचं?

उत्तर : बाल्कनीच्या छताकडे वर बघा. तांबूस डाग, सरळ रेषेत गेलेली भेग, फुगलेला रंग दिसला की आतली सळई गंजू लागली आहे असं समजा. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये मुरून सळईपर्यंत पोचतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि बाहेरचा थर फोडतो. नाण्याने हलकेच ठोका, पोकळ आवाज आला तर अभियंत्याला बोलवा. नव्या रंगावर विश्वास ठेवू नका. एसीचं बाहेरचं युनिट, कठड्याचे स्क्रू, शटरच्या पट्ट्या हेही बघा. आणि एकदा शुक्रवारी रात्री तिथे जाऊन उभे राहा. खालच्या बारचा आवाज आणि वाऱ्यात डोलकाठ्यांवर आपटणाऱ्या दोरांची टणटण सकाळच्या भेटीत कळत नाही.

प्रश्न : विकत काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं आहे. कुठे जावं?

उत्तर : मार्बेला शहराचं पुएर्तो बानुस हे बंदर १९७० चं, ९१५ होड्यांचं. मोठ्या यॉट बघायच्या तर तेच. मार्बेलाला रेल्वे नाही, मालागा विमानतळावरून बस घ्या. बेनालमादेनाच्या मरीनाकडे लोकल जाते. आरोयो दे ला मिएलला उतरून खाली चालत. जुलैतही इथलं पाणी गार लागू शकतं. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं पाणी आत येतं, आणि 'पोनिएंते' हा पश्चिमेचा वारा सुटला की खालचं थंड पाणी वर येतं.

आमची पसंती मात्र ईशान्य स्पेनच्या कातालुन्यातल्या एम्पुरियाब्रावाला. घरांच्या दारातून कालवे जातात. परवान्याशिवाय चालवता येते अशी छोटी होडी भाड्याने घ्या : ५ मीटरपर्यंत लांब, ११.२६ किलोवॅटपर्यंत इंजिन, फक्त दिवसा, बंदरापासून २ सागरी मैलांच्या आत. 'त्रामोंताना' हा उत्तरेचा वारा सुटला असेल तर कालव्यातच फिरा, खाडीत जाऊ नका.