गाणं लावलं की गाडीच वाजते!

प्रश्न : दहा वर्षं जुनी, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार घेतली आहे. आधीच्या मालकाने डिकीत सबवूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) बसवलाय. बेस वाढवला की कुठूनतरी झणझण येते. सरळ सगळीकडे डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारी चिकट शीट) लावून घेऊ का?

शीट राहू द्या, आधी आवाजाची जागा शोधा. झणझणतंय ते काहीतरी सैल आहे म्हणून. ते सैलच राहिलं तर वर कितीही शीट चिकटवा, आवाज येणारच.

गाण्यात सूर सतत बदलतात, त्यामुळे कान चकतो. फोनवर एकच सूर सलग वाजवणारं टोन जनरेटर अ‍ॅप घ्या, फोन गाडीच्या स्टिरिओला जोडा, इंजिन बंद ठेवा आणि मध्यम आवाजात 20 हर्ट्‌झपासून 200 हर्ट्‌झपर्यंत सावकाश चढत जा. प्रत्येक भागाचा थरथरण्याचा सूर ठरलेला असतो. दार एका सुराला बोलतं, डिकीचं झाकण दुसऱ्या. झणझण सुरू झाली की तोच सूर धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी एकेक पॅनल तळहाताने दाबायला सांगा. दाबल्यावर आवाज थांबला, की चोर सापडला. तिथे चिकटपट्टी लावून तिच्यावर हर्ट्‌झचा आकडा लिहा, म्हणजे दुरुस्तीनंतर त्याच सुरावर तपासता येईल. एकच सूर जोरात फार वेळ वाजवू नका, स्पीकरची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) तापते.

पॅनल उघडण्याआधी फुकटातले संशयित बघून घ्या : ग्लोव्ह बॉक्समधल्या वस्तू, खांबावर आपटणारं सीट बेल्टचं बक्कल, डिकीतला जॅक आणि पाना. आणि हो, नंबर प्लेट! सबवूफरवाल्या गाडीत ती हमखास वाजते. मागच्या बाजूने चारही कोपऱ्यांत बारीक पेशींच्या, पाणी न शोषणाऱ्या फोमचे तुकडे लावले की गप्प बसते. डिकीचं झाकण वाजत असेल तर त्याचे रबरी ठोकळे थोडे बाहेर फिरवा. झाकण किंचित दाबून बंद व्हायला हवं.

प्रश्न : दाराचं पॅनल काढून स्पीकर बदलला. तेव्हापासून खडखड आधीपेक्षा जास्त. काय चुकलं?

बहुधा क्लिपा. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि पॅनल ओढताना क्लिपांच्या पाकळ्या तुटतात. पॅनल वरवर बसल्यासारखं दिसतं, पण दोनतीन ठिकाणी अधांतरी राहतं. त्या मॉडेलच्या नव्या क्लिपा पूर्ण दाराला पुरतील एवढ्या आणून ठेवा. हँडलमागचे लपलेले स्क्रू आधी काढा, मग प्लॅस्टिकची पट्टी अगदी क्लिपेशेजारी घालून उचका. स्क्रू-ड्रायव्हरने कडा चेपतात.

उघडलंच आहे तर आतल्या तारा आणि कनेक्टर कापडी टेपने गुंडाळा. लॉकच्या सळ्यांनाही टेप चालेल, मात्र सळी जिथे सरकते ती जागा मोकळी ठेवा. स्पीकरची रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची गॅस्केट हवीच.

आता सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक : आतला प्लॅस्टिकचा पडदा फाडून टाकणं. तो पाणी अडवतो, आणि काही गाड्यांत अपघात ओळखणारा सेन्सर दाराच्या आतल्या हवेचा दाब मोजतो. पडदा फाटका राहिला तर त्याचं मोजमाप बिघडू शकतं. पडदा ब्युटाइलच्या (चिकट रबराच्या) दोरीने पुन्हा नीट चिकटवा. दारात एअरबॅगची वायर असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा. तो कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगचा दिवा लागून बसेल.

प्रश्न : मग शीट लावायचीच नाही का? लावली तर किती?

लावा, पण पूर्ण पत्रा मढवू नका. 2 मिलिमीटर जाडीची ब्युटाइल शीट बाहेरच्या पत्र्याच्या मोठ्या, सपाट भागावर मध्यभागी लावा. पाव ते एकतृतीयांश भाग झाकला तरी पुरतं. बोटाने ठोकून बघा : ‘ठण्ण’चं ‘ठप्प’ झालं की थांबा. त्यापुढे वजनच वाढतं, आणि स्पोर्ट्‌स कारला ते नकोच.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गारठ्यात काम करू नका, शीट धरत नाही. रोलर इतका फिरवा की शीटच्या फॉइलवरची नक्षी सपाट होईल. काच पूर्ण खाली घेऊन ती शीटला घासत नाही ना ते तपासा. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवलीत, तर आवाज जाईल आणि गंज येईल. डांबरी शीट स्वस्त असते, पण उन्हात मऊ पडते आणि वास मारते.

प्रश्न : सगळं घट्ट केलं, तरी डाव्या दारातून फरफर येतेच.

मग बहुधा स्पीकरच फरफरतोय. डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करून बघा. आवाज स्पीकरबरोबर उजवीकडे गेला, तर दोष त्याच्यात. जुन्या स्पीकरची फोमची कड विरते. स्पीकरचा कोन (मधला शंकूसारखा पडदा) दोन्ही बाजूंनी सारखा, हलका दाबल्यावर खरखर लागली तर कॉइल घासतेय. स्पीकर ठीक असेल तर दारांच्या स्पीकरना सुमारे 80 हर्ट्‌झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) लावा. खालचे सूर सबवूफर सांभाळेल.

प्रश्न : थंडीत सकाळी डॅशबोर्ड किरकिरतो, दुपारी बंद.

गारठ्याने प्लॅस्टिक आकसतं आणि फटी वाढतात. जोड जिथे घासतो तिथे फेल्टची पातळ टेप घाला. दाराच्या रबराला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. गंज सोडवायचे पेट्रोलियम स्प्रे तिथे मारू नका, रबर फुगतं.