अकरा वाजले की गळून का जायला होतं?

प्रश्न : सकाळी भूकच नसते. नाश्ता केलाच पाहिजे का?

उत्तर : निरोगी असाल तर भूक लागल्यावर खा. मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाळू नका.

प्रश्न : भरपेट पोहे खाऊनही अकराला जांभया येतात. पोहे बंद करू?

उत्तर : बंद नको, निम्मे करा. उरलेल्या जागेत मोड आलेली मटकी, वर मूठभर शेंगदाणे. नुसत्या पोह्यांत प्रथिनं फार थोडी. झोप पाच तासांची असेल तर मात्र जांभयांचं खापर पोह्यांवर फोडू नका.

प्रश्न : मुलगा वर्गात पेंगतो. दुधातली ताकदीची पावडर दुप्पट करू?

उत्तर : मुळीच नको. डबा उलटा करून १०० ग्रॅममागे साखर किती ते वाचा. 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखालून काढायला सांगितलं. पेंगणं थांबलं नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वय ३८. सकाळी चहा-बिस्किटं, सगळ्यांचे डबे भरून झाले की साडेदहाला उरलेली पोळी चहाबरोबर. जिना चढताना धाप लागते. शेजारणीच्या सांगण्यावरून आठ महिने बीटाचा रस घेतेय. चालू ठेवू?

उत्तर : आठ महिने! एवढ्यात हिमोग्लोबिन एकदाही तपासलं नाहीत? बीट लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढतं, हे ऐकून ऐकून मी थकले. १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. तुम्हाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. त्यात जेवणाबरोबरचा चहा असलेलं लोहही अंगी लागू देत नाही. परवा अशाच एक बाई आल्या. खालची पापणी ओढून दाखवायला सांगितली, तर आत लाली नावालाही नव्हती. हिमोग्लोबिन ७.२ निघालं, हवं किमान १२. दोन वर्षं त्या 'नाश्ता नीट होत नाही म्हणून' असंच म्हणत होत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि आपण अजून रसच पितोय. याच आठवड्यात रक्त तपासा, थायरॉइड आणि बी-१२ बद्दलही डॉक्टरांना विचारा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर लाजू नका, सांगा. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. तोवर चहा खाण्यानंतर तासाभराने घ्या, उसळीवर लिंबू पिळा, आणि डबे भरायच्या आधी स्वतः बसून खा.

प्रश्न : आई मधुमेहाची गोळी घेऊन गुरुवारी उपास करते. अकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम फुटतो. साबुदाण्याची खिचडी लवकर दिली तर चालेल?

उत्तर : खिचडीचं नंतर बघू. ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. थरथर सुरू होताच ग्लुकोमीटरवर मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर पाण्यात तीन चमचे साखर द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. पुढच्या गुरुवारची वाट पाहू नका. गोळीचं पाकीट घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा.