५.६ वर मागचं धूसर होतं का?

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा जुना डीएसएलआर आहे. सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन झूम लेन्स. सासूबाईंना ७५ पूर्ण होताहेत, म्हणून त्यांचा रामकुंडावर एक छान फोटो काढायचाय. मागची गर्दी आणि दुकानं धूसर हवीत. पण झूम पूर्ण ताणला की अ‍ॅपर्चरचा आकडा ५.६ च्या खाली जात नाही. ओळखीतले सगळे सांगतात की ५० मिमीची १.८ वाली लेन्स घेतल्याशिवाय असा फोटो येत नाही. मुलगा म्हणतो, माझ्या मोबाइलवरही १.८ लिहिलंय, मग त्यानेच काढू. काय करू?
— एक वाचक, पंचवटी

ताई, पैसे तूर्त जपून ठेवा आणि कपाटातली ५५-२५० बाहेर काढा. तुम्हाला हवा तो फोटो त्याच लेन्समध्ये आहे.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या एका टूलरूममध्ये गेली. कुठल्याही भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. लेन्सवरच्या १.८ किंवा ५.६ या आकड्यातून तो व्यास थेट कळत नाही, कारण तो आकडा म्हणजे प्रमाण आहे. फोकल लेन्थला, म्हणजे लेन्सवरच्या ५५ किंवा २५० या मिमीच्या आकड्याला, त्या आकड्याने भागलं की लेन्समध्ये समोरून पाहताना जे भोक दिसतं त्याचा व्यास मिळतो. आता तुमच्या लेन्स घ्या. १८-५५ पूर्ण ताणली, ५५ ला ५.६ ने भागलं, तर १० मिमीसुद्धा भरत नाही. म्हणून तिच्यावर मागचं धूसर होत नाही असा तुमचा अनुभव असणार, आणि तो खरा आहे. ५० ची १.८ वाली घेतली तर भोक जवळजवळ २८ मिमी. आणि तुमची २५० वर ५.६? २५० भागिले ५.६, म्हणजे साडेचव्वेचाळीस मिमी. आकडा तोच ५.६, पण भोक साडेचारपट.

चेहरा फोटोत तेवढाच मोठा घेतला आणि मागचा देखावा लांब असला, की धूसरपणा या व्यासाच्या हिशेबात वाढतो. रामकुंडावर सासूबाईंना पायरीवर अशा बसवा की त्यांच्या मागे पाणी आणि पलीकडचा काठ येईल. तुम्ही साधारण साडेसात मीटर मागे जा. २५० वर अर्धाकृती फोटो बसेल. हाच फोटो ५० च्या लेन्सने काढायचा तर तुम्हाला दीड मीटरवर उभं राहावं लागेल, आणि पलीकडचा काठ तरीही तुमच्या २५० इतका विरघळणार नाही.

आणखी एक फायदा बोलला जात नाही. दीड मीटरवरून १.८ ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंमीचा असतो. डोळा स्पष्ट, कान मऊ, आणि मान जराशी हलली की डोळाही गेला. साडेसात मीटरवरून २५० आणि ५.६ वर तो पट्टा २० सेंमीच्या आसपास मिळतो. नाकातली नथ, कुंकू, कानातल्या कुड्या सगळं त्यात येतं. ७५ वर्षांच्या बाईंचा फोटो घरच्या भिंतीवर लागणार असेल, तर मला कुड्या दिसायला हव्यात.

पण मागे भिंत असेल तर हिशेब उलटतो. समजा तुमच्या वाड्याच्या चौकात सासूबाईंच्या मागे एक मीटरवर भिंत आहे. दीड मीटरवर उभ्या ५० च्या लेन्ससाठी ती भिंत बरीच मागे आहे, पण साडेसात मीटरवर उभ्या २५० साठी जवळजवळ चिकटलेलीच. तिथे ५० ची लेन्स दुपटीहून जास्त धूसर करेल. म्हणून मी कुणालाही लेन्सचं नाव सांगण्याआधी विचारतो, माणूस आणि मागची वस्तू यांच्यात अंतर किती?

सकाळी सूर्य वर आला की लगेच जा, गर्दीही कमी असते आणि ऊन अंगावर तिरकं येतं. कॅमेरा एव्ही मोडवर (यात अ‍ॅपर्चर आपण ठरवतो, शटर कॅमेरा), अ‍ॅपर्चर ५.६, झूम पूर्ण. शटर १/४०० किंवा त्याहून वेगवान राहील इतका आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा, ८०० झाला तरी घाबरू नका. लेन्सवरचं आयएसचं बटण चालू ठेवा. तुमचा हात हलला तर ते सावरून घेतं, सासूबाई हलल्या तर नाही. फोकसचा एकच बिंदू निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा. इतक्या लांबून घाटावरच्या गलक्यात तुमचं बोलणं त्यांना ऐकू जाणार नाही, तेव्हा एखाद्या नातवंडाला त्यांच्याजवळ, पण चौकटीबाहेर, बसवून गप्पा मारायला सांगा. कॅमेरा नाकासमोर नसला की माणसं किती मोकळी होतात, हे एकदा पाहाच.

मुलाच्या मोबाइलचं सांगायचं तर, त्याच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेन्थ ६ मिमीच्या आसपास असते. तिला १.८ ने भागा, भोक तीन-साडेतीन मिमीचं. एवढ्याशा भोकातून मागचं आपोआप विरघळत नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये दिसतो तो धूसरपणा सॉफ्टवेअर नंतर घालतं, आणि अंबाड्यातले सुटलेले पांढरे केस, गजऱ्याची टोकं, चष्म्याची काडी इथे ते नेमकं चुकतं.

५० ची लेन्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या ५.६ च्या तुलनेत १.८ वर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. संध्याकाळची गोदा आरती, देवघरातली समई, दिवे लागणीनंतरचा भांडी बाजार, हे काढावंसं वाटू लागलं की जरूर घ्या. तेव्हा ती प्रकाशासाठी घ्याल आणि रोज वापराल.

प्रश्न : पुराच्या दिवशी काढलेले गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे दोन फोटो पाहिले. एकात मागचा पूल आणि देवळं मारुतीला अगदी खेटून, दुसऱ्यात कुठच्या कुठे लांब. एक टेलिने (लांबचं मोठं दाखवणारी लेन्स) काढला होता, एक वाइडने (रुंद देखावा घेणारी). फोकल लेन्थने अंतर बदलतं का?
— एक वाचक, इंदिरानगर

नाही. अंतराचा भास तुम्ही उभे कुठे आहात त्यावर ठरतो. लेन्स फक्त त्या देखाव्याचा किती तुकडा कापून घ्यायचा ते ठरवते. पटत नसेल तर पूर नसताना एका जागी उभं राहून मारुतीचा एक फोटो १८ वर आणि एक ५५ वर काढा. घरी संगणकावर १८ वाल्या फोटोचा मधला भाग ५५ इतका कापा. मारुती आणि मागची देवळं यांचं एकमेकांशी मोजमाप दोन्हींत सारखंच निघेल, फक्त कापलेला फोटो जरा भरड दिसेल.

मग लोकांना फरक का दिसतो? कारण टेलि लावली की माणूस लांब जातो आणि वाइड लावली की जवळ. शंभर मीटरवरून पाहिलं तर मारुती आणि त्याच्या मागे वीस मीटरवरचं देऊळ यांची अंतरं १०० आणि १२०, फारसा फरक नाही, म्हणून दोन्ही खेटल्यासारखे दिसतात. पाच मीटरवर गेलात की तीच अंतरं ५ आणि २५. मारुती प्रचंड, देऊळ चिमुकलं.

नाशिककर पुराचं माप याच मूर्तीवरून घेतात. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, असं घरोघरी बोललं जातं. त्यामुळे पुराचा फोटो पाठवताना कुठून काढला तेही सोबत लिहावं, असं मला फार मनापासून वाटतं. लांबून टेलिने काढलेल्या फोटोत पाणी रस्त्याला टेकल्यासारखं दिसतं, आणि सिडकोत बसलेल्या माणसाची झोप उडते. आणि पुरात वाइड लेन्स घेऊन पायऱ्या उतरू नका. तो फोटो वरून, टेलिनेच काढायचा.

मोबाइलने जवळून चेहरा काढला की नाक मोठं येतं, त्यालाही हेच कारण. दोन पावलं मागे व्हा आणि मग झूम करा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. काकांची निकॉनची ७०-३०० घेऊन नांदूर मध्यमेश्वरला गेलो होतो. जास्त भाग स्पष्ट यावा म्हणून अ‍ॅपर्चर ११ ठेवलं, तरी उडते चित्रबलाक सगळे अस्पष्ट आले. लेन्स खराब आहे का?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

लेन्स बहुधा ठणठणीत आहे. तू ११ का ठेवलंस ते कळलं, पण इथे त्याची गरजच नव्हती. पक्षी ४० मीटरवर असेल, तर ३०० मिमी आणि ६.३ वरही स्पष्ट पट्टा चार-साडेचार मीटरचा मिळतो. चित्रबलाक पंख पसरूनही त्यात आरामात मावतो. ११ वर गेल्यामुळे प्रकाश एक तृतीयांश झाला, म्हणजे जिथे शटर १/१६०० मिळालं असतं तिथे १/५०० वर आलं. तेवढ्या वेळात पंखाचं टोक बरंच सरकतं.

पुढच्या वेळी अ‍ॅपर्चर ६.३, शटर १/१६००, आयएसओ ऑटो. फोकस सततचा ठेव, निकॉनवर त्याला एएफ-सी म्हणतात. पक्षी चौकटीत येण्याआधीपासून त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवायला लाग आणि बटण दाबल्यावरही फिरवत राहा. झाडावर बसलेल्यासाठी शटर कमी चालेल, पण हातात धरून १/५०० च्या खाली नको. तुझ्या कॅमेऱ्यात डीएक्स, म्हणजे निकॉनचा लहान आकाराचा, सेन्सर असेल तर ३०० ची चौकट ४५० इतकी अरुंद होते आणि हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो.

वेळही विचारात घे. ऊन तापलं की गोदावरी-कादवेच्या त्या पसरट पाण्यावरची हवा थरथरू लागते. लांबचा पक्षी मग कुठल्याही लेन्सने, कितीही किमतीच्या, कुरतडल्यासारखा येतो. चापडगावच्या बाजूला उजाडताना पोहोचायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत पुढच्या घडापासून मागच्या रामशेज किल्ल्यापर्यंत सगळं स्पष्ट हवं. १८-५५ वर २२ ठेवतो, तरी फोटो मऊ येतो.
— एक बागायतदार, दिंडोरी

१८ ला २२ ने भागा, भोक ०.८ मिमी. इतक्या बारीक भोकाच्या कडेला प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो थोडा थोडा मऊ होतो. तुमच्या सेन्सरवर ११ च्या पुढे जाऊ नका. १८ मिमी, अ‍ॅपर्चर ८, फोकस दोन मीटरवर, एवढं केलंत की एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. घड पाऊण मीटरवर हवा असेल तर ११ ठेवा आणि फोकस दीड मीटरवर आणा. फोकस घडावर करू नका, रामशेजवरही नको. दोन मीटर म्हणजे किती हे वेलींमधल्या अंतरावरून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. वारा असेल तर थांबा, कारण ११ वर शटर मंदावतं आणि पानं हलतात.