बाबांनी फॅनला तार का बांधली होती?

प्रश्न : ताई, बाबा गेले त्याला या दिवाळीत वर्ष होईल. ओझर मिगला, म्हणजे नाशिकजवळच्या लढाऊ विमानांच्या कारखान्यात, इंजिनिअर होते, १९६९ ला लागले, २००६ ला रिटायर झाले. वर्षश्राद्धाला नातेवाईकांना द्यायला छोटी पुस्तिका करायचीय पण लिहायला बसले की हात थांबतो, कारण कामाबद्दल ते घरात चकार शब्द काढायचे नाहीत. आम्हाला माहितीयेत ते त्यांचे विचित्र प्रकार. सीलिंग फॅनच्या बोल्टला बारीक तार पिळून बांधायचे, प्लायवूडवर पक्कड-पान्यांच्या आकृत्या काढून ज्याच्या त्याच जागी लटकवायचे, मिक्सर उघडला तर बंद करायच्या आधी हत्यारं मोजायचे, एकदा छोटा स्क्रू ड्रायव्हर सापडेना तर रात्री साडेअकरापर्यंत कुणाला झोपू दिलं नाही. मिग पडल्याची बातमी आली की ताटावरून उठायचे. आणि मागच्या वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते. भाऊ म्हणतो असलं छापू नको, लोक हसतील, पदं आणि प्रमोशनं लिही. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं हसू देत की लोक! तू ज्याला विचित्र प्रकार म्हणतेस ना तेच त्यांचं काम होतं. माझे सासरे पण ओझरलाच होते म्हणून सांगते. ती तार म्हणजे लॉकिंग वायर. विमानात इतकी थरथर असते की घट्ट आवळलेला बोल्टसुद्धा हळूहळू सुटू शकतो, मग त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून ती अशी पिळून बांधतात की बोल्ट सैल व्हायला गेला तर तारच त्याला आवळायच्या बाजूला ओढून धरते. आमच्याकडे पाळण्याच्या कड्यांना होती, सासूबाई म्हणायच्या, अहो बाळ झोपायचंय त्यात, उडायचं नाहीये.

हत्यारांचं पण तेच. विमानात राहिलेला एखादा पाना कंट्रोल रॉडमध्ये, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यात, अडकला तर पायलटच्या जिवावर बेततं, म्हणून हत्यारं मोजल्याशिवाय पॅनल, म्हणजे उघडलेलं झाकण, परत लागत नाही, आणि बोर्डवरची आकृती रिकामी दिसली की लांबूनच कळतं काय गायब आहे ते. सदतीस वर्षं हेच बघितलेला माणूस मिक्सरपाशी येऊन कसा बदलेल?

पदं दोन ओळीत उरक. मिग-२१ च्या एकामागून एक आवृत्त्या, मग मिग-२७, शेवटी शेवटी सुखोई-३०, हे सगळं त्यांच्या नोकरीच्या काळात ओझरला बनलं, एवढं बास आहे.

ताटावरून उठायचे ते मात्र सावकाश लिही, आधी आईशी बोल. आमचे सासरे अशी बातमी आली की एवढंच विचारायचे, नंबर कुठला? मला कितीतरी वर्षं वाटायचं हा काय प्रश्न, माणूस वाचला का ते विचारावं ना आधी. मग एकदा सासूबाईंनी सांगितलं, त्या नंबरच्या विमानाच्या तपासणीच्या कागदावर खाली सही असते गं, ती आपली तर नाही ना हे बघत असतात ते. तुझ्या बाबांच्या मनात काय असेल ते त्यांच्या बरोबरीचे लोक सांगतील, बरेच जण अजून नाशकातच असतील, फोन कर.

मुखपृष्ठावर त्या प्लायवूडचा फोटो टाक, हार घातलेला फोटो आतल्या पानावर चालेल. आणि तो स्क्रू ड्रायव्हर शेवटी सापडला कुठे ते पत्रात लिहिलंच नाहीस, पुस्तिकेत तरी लिही.