फोर्ड एफ-२५० पिकअप ट्रेलर ओढताना मागे बसते, बाहेरच्या कंपनीचे कोणते शॉक अ‍ॅब्सॉर्बर टाकू?

गाडी मागे बसत असेल तर शॉक बदलून काही होणार नाही. वजन पेलतात ते पाटे (लीफ स्प्रिंग). शॉक फक्त पाट्यांची उसळी आवरतात. मागे बसू नये म्हणून जादा पाटा किंवा एअरबॅग (पाट्यांना आधार देणारी हवेची पिशवी, अपघातात फुगणारी नव्हे) बघा.

मात्र खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, शॉकच्या दांड्याजवळून तेल ओघळलेलं दिसत असेल, तर शॉक गेलेच. गाडीची उंची मूळचीच असेल तर बिल्स्टीन ४६००, थोडी वाढवली असेल तर ५१००. दोन्ही मोनोट्यूब (एकाच नळीचे), त्यामुळे तापले तरी तेलाला लवकर फेस येत नाही. गाडी कधी रिकामी, कधी ट्रेलरसह चालत असेल तर मला रँचो आरएस९०००एक्सएल जास्त पटतो: बाहेरच्या नॉबने कडकपणा नऊ टप्प्यांत बदलता येतो. घ्याल ते चारही एकदम घ्या.