बक्षिसाआधी पगार आणि कॅमेरा बघा

तुमचा मुद्दा मला कळला तो असा: बायकांच्या सायकलच्या रोड रेस कमी अंतराच्या, बघणारेही कमी, मग बक्षीस पुरुषांइतकं कशाला? पंधराएक वर्षं या शर्यतींचं वेड आहे म्हणून लिहितेय. लांबण लागणार, आधीच सांगते.

अंतराचं पहिल्यांदा निकालात काढू. ते सायकलपटू ठरवत नाहीत. यूसीआय, म्हणजे सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, त्याची कमाल मर्यादा नियमात घालून देते. महिलांच्या वर्ल्ड टूरमधल्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतल्या, एकदिवसीय शर्यतीला ती साधारण १६० किलोमीटर आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रोड रेस पुरुषांना २७३ किमी होती आणि महिलांना १५८. पण तिथेच टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत, दोघांनाही ३२.४ किमी, एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर. आभाळ कोसळलं नाही. पाऊस होता, पण तो दोघांनाही सारखाच. पुरुषांच्या मोठ्या शर्यतींतले पहिले शंभर-दीडशे किलोमीटर मी कित्येकदा भाजी निवडत बघितलेत, तेव्हा जास्त अंतर म्हणजे जास्त मजा हे गणित मला तरी पटत नाही.

आता बघणाऱ्यांचं. खरी गोम इथे आहे.

मार्च २०१९ मधली बेल्जियमची ओमलूप हेट न्यूजब्लाड ही एकदिवसीय शर्यत घ्या. स्वित्झर्लंडची निकोल हान्सेलमान सुरुवातीलाच एकटी पुढे निघाली आणि तिने दोन-एक मिनिटांची आघाडी घेतली. त्या दिवशी पुरुषांची शर्यत त्याच रस्त्यावर जेमतेम दहा मिनिटं आधी सुटली होती आणि ते निवांत चालले होते. हान्सेलमानला समोर पुरुषांच्या ताफ्यातल्या गाड्या दिसायला लागल्या आणि आयोजकांनी तिला थांबवलं. मागून येणारा घोळकाही थांबवला. काही मिनिटं सगळ्या जणी सायकलवरून उतरून रस्त्यात उभ्या. मग तिला तिची आघाडी परत देऊन सोडलं, पण अशी लय एकदा तुटली की परत जुळत नाही. पुढे ती पकडली गेली आणि शर्यत चांताल ब्लाकने जिंकली. दोन शर्यतींमध्ये पुरेसं अंतर ठेवायला किती खर्च आला असता? एक पैसा नाही. वेळापत्रक करताना बायका इतक्या जोरात येतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं.

बघणारे कमी म्हणताना हेही लक्षात घ्या की बरीच वर्षं बघायला काही नव्हतंच. २०१२-१३ च्या सुमारास मी महिलांच्या कितीतरी शर्यती ट्विटरवर अक्षरशः वाचलेल्या आहेत. 'चौघी पुढे, ४० सेकंद', मग वीस मिनिटं शुकशुकाट, मग एकदम निकाल. पुढे यूसीआयने वरच्या दर्जाच्या शर्यतींना रोज किमान ४५ मिनिटं थेट प्रक्षेपण सक्तीचं केलं. ते न दिल्यामुळे इटलीची सर्वांत जुनी-जाणती महिला स्टेज रेस (रोज एक टप्पा अशी अनेक दिवसांची शर्यत), जिरो, २०२१ साली एक पायरी खाली ढकलली गेली. शिक्षा कडक होती, पण माझ्या मते योग्य. प्रक्षेपण नाही तर प्रायोजक नाही, प्रायोजक नाही तर पगार नाही.

टूर द फ्रान्स या सर्वांत प्रसिद्ध स्टेज रेसचंही तेच. १९८४ मध्ये महिलांची टूर झाली होती, १८ टप्प्यांची, पुरुषांच्याच रस्त्यांवर काही तास आधी. अमेरिकेची मॅरिअन मार्टिन जिंकली आणि तिच्या हाती एक करंडक आणि हजारेक डॉलर आले. १९८९ नंतर ती त्या रूपात बंद पडली. २०१३ साली मारियाने वोस, एमा पूली वगैरे सायकलपटूंनी मागणी अर्ज काढला, जवळपास लाखभर सह्या जमल्या, तेव्हा २०१४ पासून 'ला कूर्स' नावाची एक दिवसाची शर्यत पदरात पडली. पूर्ण टूर यायला २०२२ उजाडलं.

आता पैसे. रोड सायकलिंगमध्ये बक्षीस ही मुख्य कमाई नसतेच. ती रक्कम रिवाजाने संघात वाटली जाते आणि पोट भरतं ते पगारावर. म्हणून माझ्या लेखी मोठी घटना २०२० ची: महिलांच्या वर्ल्ड टूर संघांना पहिल्यांदा किमान पगाराचं बंधन आलं, वर्षाला १५,००० युरो. २०२५ पर्यंत तो ३८,००० वर गेला. पुरुषांचा चाळीस हजारांच्या वर आहे, म्हणजे तळाशी तरी फरक आटोक्यात आला. त्याबरोबर बाळंतपणाची रजाही आली, तीन महिने पूर्ण पगार आणि पाच महिने अर्धा. हे आपोआप झालं नाही. आइरिस स्लापेंडेल आणि तिच्या सोबतिणींनी २०१७ मध्ये 'द सायक्लिस्ट्स अलायन्स' ही खेळाडूंची संघटना काढली आणि पिच्छा पुरवला. मात्र खालच्या कॉन्टिनेंटल संघांना हे किमान वेतन लागू नाही. तिथे आजही नोकरी सांभाळून सराव करणाऱ्या मुली आहेत आणि त्यांची स्पर्धा असते ती दुपारी झोप काढू शकणाऱ्यांशी.

बक्षिसाचा आकडा तरीही बोचतो, कारण तो जाहीर असतो. २०२१ ची ओमलूप जिंकणाऱ्या पुरुषाला १६,००० युरो आणि महिलांची जिंकणाऱ्या आना वान डर ब्रेखनला ९३०. हे वाचून रसिकांनीच वर्गणी काढली आणि पुढच्या स्त्रादे ब्यांके या इटलीतल्या शर्यतीत पहिल्या पाच जणींना वाटली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिस-रूबे ही फ्रान्समधली दगडी रस्त्यांची शर्यत पहिल्यांदा महिलांसाठी झाली. पुरुषांची १८९६ पासून चालू आहे. ती जिंकलेली लिझी डाइग्नन खरं तर संघाची मुख्य दावेदार नव्हती. दगडी रस्ते सुरू व्हायच्या आत ती पुढे सरकली आणि मग ऐंशीहून जास्त किलोमीटर एकटीच गेली. रस्ता चिखलाने माखलेला, मागचं चाक सारखं घसरतंय, हातात मोजे नाहीत. शेवटी वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतीच्या स्टेडियममध्ये, आली तेव्हा हँडलबारच्या टेपवर रक्ताचे डाग होते. तीन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती आणि ती गरोदर असतानाच या संघाने तिच्याशी करार केला होता. बक्षीस १,५३५ युरो, पुरुषांना ३०,०००. फरक तिच्या संघाने भरून काढला.

तुमच्या बाजूचंही थोडं सांगते. टूर द फ्रान्सच्या विजेतीला ५०,००० युरो आणि विजेत्याला ५ लाख, यावर मी फार डोकं आपटत नाही. आठ-नऊ टप्पे आणि एकवीस टप्पे यांची तुलना चुकीची आहे. बायकांना एकवीस कधी मिळणार, हे मी विचारेन. आणि शर्यती टिकवणं सोपं नाही हेही खरं. ब्रिटनची वुमेन्स टूर २०१८ पासून पुरुषांइतकं बक्षीस देत होती आणि २०२३ मध्ये पैशांअभावी रद्द झाली. उलट ऑस्ट्रेलियाच्या टूर डाउन अंडरने २०१८ मध्ये रक्कम समान केली, बेल्जियमच्या टूर ऑफ फ्लँडर्सनेही पुढे केली, आणि दोन्ही व्यवस्थित चालू आहेत.

एकच टप्पा बघायचा असेल तर २०२४ च्या टूरचा शेवटचा शोधा, आल्प द्युएजचा, जवळपास १५० किमी. डेमी फोलेरिंग पाचव्या टप्प्यात पडली आणि पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेतली आघाडी, काशिया नेविआडोमाकडे गेली. शेवटच्या दिवशी ती सव्वा मिनिट मागे होती. ग्लांडोनच्या घाटात तिने हल्ला केला, टप्पा जिंकला आणि रेषेपलीकडे जाऊन घड्याळ बघत बसली. नेविआडोमा एक मिनिट एक सेकंदाने मागून आली. टप्पा जिंकल्याबद्दल वेळेतून वजा होणारे बोनसचे दहा सेकंद धरूनही फोलेरिंग चार सेकंदांनी टूर हरली.